बाबा म्हणतात, "ती वाट बघूलाली असंल." हे वयाचं बोलणं, की काळजीचं?

सांबरा_रोड | ९ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई श्रावणात गेली. आता पाच महिने होतील. बाबा ७१ वर्षांचे. बेळगावच्या वडगावात जुनं घर आहे, तिथं बाबा आणि दादा-वहिनी राहतात. मी टिळकवाडीत. बाबांनी जन्मभर माग चालवला, आधी हातमाग, मग पॉवरलूम. कांड्या भरायचं काम आईचं. भिंतीच्या अलीकडं मागाची खटखट आणि पलीकडं रहाटाची कुरकुर, या आवाजात आम्ही दोघं शिकलो.

बाराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकीतून भाकऱ्या यायच्या, गल्लीतले पंच रोज संध्याकाळी येऊन बसायचे. तेव्हा बाबा बरे होते, आलेल्यांना तेच धीर द्यायचे. आता कुणी येत नाही आणि ते बोलत नाहीत. बोलले तर एकच, "आता मी काय करू राहून? ती तिकडं वाट बघूलाली असंल."

दादा म्हणतो, वय झालं की माणसं असंच बोलतात. पण गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी हातातलं एचएमटी घड्याळ काढून नातवाला दिलं. पोरगं सातवीत आहे. दादाला बसवून घराचे उतारे, पासबुक, विम्याचे कागद कुठं आहेत ते दाखवलं. परवा मोडीवाल्याला बोलावून मागाचा भाव विचारला. रहाटावर आईची एक अर्धी भरलेली कांडी तशीच आहे, तिला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत.

मला नीट झोप लागत नाही. ही काळजीची गोष्ट आहे, की मीच जास्त विचार करतेय?

नाथपै_चौक | ९ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, आमची आजी ६८ व्या वर्षापासून "ने रे पांडुरंगा" म्हणत होती. गेली ९३ व्या वर्षी, आणि आदल्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून आईला बोलून गेली. आपल्याकडं म्हातारी माणसं मरणाचं नाव पावसासारखं घेतात. कागदपत्रं दाखवणं म्हणाल तर निरवानिरव वेळेवर करणारा बाप मिळायला भाग्य लागतं. आमच्या वडिलांनी काही सांगितलं नाही, त्यांच्या एका ठेवीसाठी मी तीन वर्षं बँकेच्या पायऱ्या झिजवल्या.

कुंदा_प्रेमी | ९ जानेवारी, रात्री ११.१२

पांडुरंग तरी काय करणार, तिकडंही नंबर लावावा लागत असेल. आजीची आमटी शेवटी कुणी खाल्ली?

नाथपै_चौक | ९ जानेवारी, रात्री ११.१५

आम्हीच. मीठ खरंच कमी होतं.

मलप्रभाकाठ | १० जानेवारी, सकाळी ७.२०

मी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते, आता खानापुरात घरी असते. नाथपै, तुमच्या आजीबद्दल काही म्हणणं नाही, पण सांबरा रोड ताईंचं मला हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही.

"देवानं न्यावं" म्हणणारा माणूस देवावर सोपवून मोकळा होतो. आमटीत मीठ बघतो, नातवाला ओरडतो, सणाला पुरणपोळी मागतो. असं बोलणं आणि स्वतःच काहीतरी करून घ्यायचा विचार, या दोन गोष्टी वेगळ्या. मधली हद्द मात्र पुसट असते, आणि बाहेरून बघून ती कळत नाही. मलाही कळायची नाही. विचारल्यावर कळायची.

नुसते कागद दाखवले असते तर मीही निरवानिरवच म्हटलं असतं. पण रोज मनगटावर असणारं घड्याळ देऊन टाकलं, ज्यावर जन्म काढला तो माग मोडीत काढायला निघाले, बोलणं बंद झालं, आणि हे सगळं पंधरा दिवसांत. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात म्हाताऱ्या पुरुषांना जपावंच लागतं. बायका रडतात, शेजारी जाऊन बसतात. पुरुष कट्ट्यावर बसून "चाललंय" म्हणतात. जेवतात का? झोपतात का? पहाटे तीन-चारला उठून बसतात का? हे वहिनीला विचारा, दादाला नको.

आणि बाबांना सरळ विचारा. "बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" याच शब्दांत. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल अशी सगळ्यांना भीती असते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वागवलेलं ओझं कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस सुटतो. "तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" असं मात्र विचारू नका. त्याला "नाही" एवढंच उत्तर येतं.

सांबरा_रोड | १० जानेवारी, सकाळी ९.०२

सिस्टर, वहिनीला फोन केला. पहाटे साडेतीनला उठून रहाटापाशी बसतात म्हणाली. तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, उगीच घाबराल म्हणून. विचारायचं म्हणता, पण बापाला असं कसं विचारू? आमच्यात "बाबा, जेवलात का" याच्या पलीकडं कधी बोलणं झालेलं नाही.

सीमावासी_५६ | १० जानेवारी, सकाळी १०.३०

विचारून पुढं काय? दवाखान्यात गेलं तर फॉर्म कानडीत, पाटी कानडीत, डॉक्टर कानडीत. माझ्या आईला एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही. तिला काळजात कालवतंय एवढंच सांगायचं होतं. त्याचं कानडी तिला येईना. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला.

कुंदा_प्रेमी | १० जानेवारी, सकाळी १०.४१

फोटोत काळीज दिसलं का?

सीमावासी_५६ | १० जानेवारी, सकाळी १०.४४

साडेतीनशे रुपये दिसले. १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हापासून हेच चाललंय.

गोकाक_फॉल्स | १० जानेवारी, सकाळी ११.१५

झालं, प्रत्येक धागा शेवटी ५६ वर येतो. अहो, माझे मिस्टर गेले तेव्हा शेजारच्या गौरव्वा महिनाभर रोज दुपारी माझ्याकडं यायच्या. त्यांना मराठी येत नाही, माझं कानडी बाजारापुरतं. भिंतीला टेकून बसायच्या, माझ्याबरोबर शेंगा फोडायच्या, जाताना पाठीवर हात ठेवून "समाधान माडको" म्हणायच्या. मराठीत मला येऊन भेटलेल्या शंभर जणांनी काय सांगितलं ते आज एकही आठवत नाही.

सीमावासी_५६ | १० जानेवारी, सकाळी ११.३०

गौरव्वांना माझा नमस्कार. फॉर्म तरी कानडीतच होता.

संपादक_मंडळ | १० जानेवारी, दुपारी १२.००

भाषेचा वाद त्याच्या धाग्यावर. इथं उपयोगाचं एक, वर चिकटवूनही ठेवतोय : मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरची सेवा, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, फुकट, भाषा निवडता येते. घरच्या माणसाच्या काळजीसाठी आपणही लावू शकतो. जीवावर बेतेल असं आत्ता वाटत असेल तर ११२ लावा, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या, आणि माणसाला एकटं सोडू नका.

अहेव_नाही | १० जानेवारी, दुपारी २.१०

नाव बघून दचकू नका, मुद्दाम घेतलंय. चिकोडी भागातली आहे.

पुरुष बोलत नाहीत हे खरं, पण बाईला बोलू देतात असं कुणी समजू नका. दहाव्याला मला पाटावर बसवून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. फोडणाऱ्या कोण, तर माझ्याच आत्या-मावश्या. नवरा गेल्याचं दुःख दहा दिवस होतंच, पण मेले तर बरं असं पहिल्यांदा वाटलं ते त्या पाटावर. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर देवीच्याही बांगड्या उतरवतात, त्या पुनवेचं नाव इथं लिहवत नाही. पण माघात तिला परत चुडा भरतात. देवीला दोन महिन्यांत मिळतो, आम्हाला जन्मात नाही.

हेरवाड आमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला या प्रथा बंद करायचा ठराव केला. पेपरात वाचून सासऱ्यांनी कात्रण कापलं आणि माझ्याकडं न बघता डब्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हिरव्या काचेच्या सहा बांगड्या आणल्या. सहा वर्षं झाली होती.

मी अजून आहे त्याला औषधगोळ्यांबरोबर ते कात्रणही कारण आहे.

मलप्रभाकाठ | १० जानेवारी, दुपारी २.३५

ताई, हात जोडते.

पंचांग_पाहू | १० जानेवारी, दुपारी ४.२०

सर्वांच्या भावनांचा आदर आहे, पण मूळ प्रश्नाकडे. आईंचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे, तोवर आत्मा घराभोवती असतो. वडिलांना जे जाणवतं त्याला आधार आहे. एखादी शांत करून घ्यावी. आणि त्यांना सांगावं की स्वतःहून जाणाऱ्याला गती नसते, म्हणजे विचार आपोआप सुटेल.

अहेव_नाही | १० जानेवारी, दुपारी ४.३२

शांत खुशाल करा. पण "गती नसते" हे बाबांना सांगू नका. ज्याला आधीच आपण घराला भार वाटतोय त्याच्यावर पापाचा आणखी एक दगड कशाला? मला हे तिघांनी ऐकवलं होतं. विचार सुटला नाही, सांगायचं तेवढं सुटलं.

निपाणी_भाई | १० जानेवारी, संध्याकाळी ६.१५

आमच्यात अब्बा गेल्यावर अम्मीनं इद्दत पाळली, चार महिने दहा दिवस. लोकांना वाटतं बाईला कोंडून घालतात. काही घरांत तसंच होत असेल. आमच्या घरी उलटं झालं, अम्मी बाहेर जाणार नाही म्हणून सगळं खानदान आत यायला लागलं. बाजूच्या कुलकर्णी काकू बिड्यांचं सूप घेऊन येऊन बसायच्या, दोघी मिळून वळायच्या. त्रास झाला तो इद्दत संपल्यावर. पाचव्या महिन्यात अम्मी म्हणाली, "अब सब अपने-अपने घर गए." सांबरा रोड बहन, तुमचाही पाचवाच चालू आहे.

काळा_कोट | १० जानेवारी, रात्री ८.४०

कायद्याचं थोडं, कारण पोलीस केस होईल म्हणून घरं गप्प बसतात हे मी रोज बघतो. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्नासाठी भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं सरसकट कलम नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी तसा प्रयत्न केला तर २२६ लागतं, ते वेगळं. दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद असते, तिला घाबरून उपचार लांबवू नका.

कुंदा_प्रेमी | १० जानेवारी, रात्री ८.५५

वकीलसाहेब, फी किती झाली?

काळा_कोट | १० जानेवारी, रात्री ८.५७

पाव किलो कुंदा. पुढच्या तारखेला आणा.

रात्रपाळी | ११ जानेवारी, रात्री २.१४

उद्यमबागला फौंड्रीत आहे, आज सुट्टी आहे पण झोपेची सवय गेलीय. सगळा धागा वाचला. तुमची माणसं आजारानं, वयानं गेली. माझा मोठा भाऊ आठ महिन्यांपूर्वी स्वतःहून गेला. आमच्याकडं सांत्वनाला आलेल्यांचे दोनच प्रश्न, कसं केलं आणि का केलं. चिठ्ठी होती का हा तिसरा. एक पाहुणा तर चहाचा कप हातात धरून विचारत होता, लफडं होतं का.

आदल्या रात्री त्यानं मला फोन केला होता. मी ड्युटीवर होतो, "उद्या बोलू" म्हणालो. त्या दोन शब्दांवरून आठ महिने डोकं फिरतंय. घरात आईसमोर मी रडू शकत नाही. कधी कधी वाटतं त्याला जे कळलं तेच बरोबर असेल.

असो. झोपा सगळे.

ऊसवाला_संकेश्वर | ११ जानेवारी, रात्री २.३१

मी झोपलेलो नाही भावा. थ्री फेज रात्रीच सोडतात, उसाला पाणी पाजूलालो. बांधावर बसलोय, मोबाईलला रेंज आहे.

एक सरळ विचारतो, वर सिस्टरनी सांगितलंय तसं. जीव द्यायचा विचार येतो का? आत्ता, या घडीला येतोय का?

रात्रपाळी | ११ जानेवारी, रात्री २.३८

येतो. रोज नाही. आज जरा जास्त आहे.

ऊसवाला_संकेश्वर | ११ जानेवारी, रात्री २.४१

बरं केलंस सांगितलंस. घरात कोण आहे? तुला ज्या कशाची भीती वाटते त्याच्यापासून बाजूला हो आणि आई झोपलीय त्या खोलीत जाऊन बस. काय ते इथं लिहू नको. उठवायची लाज वाटत असली तरी उठव. माझा नंबर तुला व्यक्तिगत संदेशात टाकलाय, मोटर सहापर्यंत चालू आहे, तोवर मी कुठं जात नाही. आणि वर १४४१६ दिलाय तो लाव. मी धरून आहे इथं.

रात्रपाळी | ११ जानेवारी, रात्री २.५०

आईच्या खोलीत आलोय. ती उठली. काही विचारलं नाही, सरकून जागा केली. नंबर लावतो.

ऊसवाला_संकेश्वर | ११ जानेवारी, रात्री ३.२५

पोरगा फोनवर बोलूलालाय, मला मेसेज आलाय. आता माझं सांगतो, नाहीतरी वाफा भरायला वेळ आहे.

बायको गेली तेव्हा माझी मुलं आठ आणि पाच वर्षांची. लोक म्हणायचे, पोरांकडं बघ. पोरांकडं बघूनच वाटायचं की यांना माझ्यासारखा बाप नको. हे बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं पोरं आहेत म्हणजे हा टिकेल. डोकं उलटं चाललेलं असतं तेव्हा.

माझा मेहुणा, म्हणजे तिचाच भाऊ, दर गुरुवारी यायचा. त्याची बहीण गेलेली, तरी यायचा. बोलणारा गडी नाही. पत्ते काढायचा, मेंढीकोट चार जणांचा खेळ, तो आम्ही दोघं खेळायचो. एका गुरुवारी पत्ते पिसता पिसता म्हणाला, "दाजी, मरायचं डोक्यात आहे का?" मी पानं खाली ठेवली. तो म्हणाला, "मळ्यातल्या खोलीची किल्ली द्या." दिली. दोन हंगाम किल्ली त्याच्याकडं होती. फवारणी असली की तोच यायचा, काम करून कुलूप लावून जायचा. मला एकदाही काही समजावलं नाही.

ती वेळ येते आणि जाते. जाते हे तेव्हा कळत नाही. त्या वेळेला किल्ली दुसऱ्याच्या खिशात पाहिजे.

मलप्रभाकाठ | ११ जानेवारी, सकाळी ६.१०

आत्ता वाचलं. ऊसवाले, तीस वर्षांत मी जे शिकले ते तुम्ही बांधावर बसून केलंत.

रात्रपाळी बाळा, "उद्या बोलू" हे दिवसातून दहा वेळा सगळेच म्हणतात. बहुतेकांना उद्या मिळतो, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही. तुझ्या भावाच्या मनात कितीतरी दिवस चाललेलं असेल, त्याचा सगळा भार तू एका फोनवर टाकतोयस. ज्या घरात असं घडतं त्या घरातल्या मागं राहिलेल्यांनाही जास्त जपावं लागतं, म्हणून आज दवाखान्यात जा. रजा टाक, आईला बरोबर घे. गेल्यावर "झोप लागत नाही" एवढंच सांगून परत येऊ नको, काल इथं लिहिलंस ते सांग.

कुंदा_प्रेमी | ११ जानेवारी, सकाळी ८.३०

मी थट्टा करत होतो तेव्हा तू वाचत बसला असशील. माफ कर. शहापुरात राहतो. रिक्षा माझीच आहे, किती वाजता येऊ ते सांग.

धुकं_चोर्ला | ११ जानेवारी, सकाळी ९.१५

पण तुझ्या भावानं नेमकं कसं

(संपादक : प्रतिसाद अपुरा ठेवला आहे. कसं, कुठं, कशानं हे या धाग्यावर कुणी विचारू नये, सांगू नये.)

नाथपै_चौक | ११ जानेवारी, सकाळी १०.००

सांबरा रोड ताई, काल मी आजीची गोष्ट सांगून तुमची काळजी उडवून लावली. रात्रीचं वाचल्यापासून मन लागेना. बाबांना विचारा. दवाखान्याला घाबरत असतील तर... आपल्याकडं "धारवाडला पाठवायला पाहिजे" ही शिवी करून ठेवलीय, आम्हीही पोरं असताना एकमेकांना द्यायचो. माझ्या पुतणीला खरंच धारवाडच्या डिमहॅन्समध्ये, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात नेलं, बाळंतपणानंतर. सकाळच्या गाडीनं गेलो, संध्याकाळी घरी. कुणी साखळीनं बांधलेलं दिसलं नाही, बाहेर चहा चांगला मिळाला.

मलप्रभाकाठ | ११ जानेवारी, सकाळी १०.२०

धारवाडपर्यंत जायची गरज पडतेच असं नाही. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत मंगळवारी "मनोचैतन्य" या मानसिक आजारांसाठीच्या सरकारी योजनेची तपासणी असते, आधी चौकशी करून जा.

दुःख हा आजार नाही, हेही लिहून ठेवते. पाच महिन्यांनी बायकोच्या आठवणीनं पहाटे जाग येणं यात आजार कसला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाला वेगळं नाव दिलंय, त्यालाही निदान सहा महिने जावे लागतात आणि माणसाचं रोजचं जगणं अडून बसलेलं असावं लागतं. पण जीव द्यायचा विचार असला तर महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. आणि गोळ्या सुरू केल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारी माणसं मी खूप बघितलीत. त्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, गोळ्यांचं पाकीटही वहिनीकडं असू दे.

रात्रपाळी | ११ जानेवारी, दुपारी ३.४०

जाऊन आलो. आई, मी आणि कुंदा प्रेमी. डॉक्टरीणबाई मराठीत बोलल्या, सीमावासी काकांना सांगा. पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. फौंड्रीत दिवसपाळी मागायला सांगितलंय, सुपरवायझर काय म्हणतो बघू. आई घरी आल्यावर भावाचं नाव घेऊन रडली. आठ महिन्यांत आज पहिल्यांदा त्याचं नाव घरात मोठ्यानं घेतलं गेलं.

रिक्षाचे पैसे घेतले नाहीत यांनी.

सीमावासी_५६ | ११ जानेवारी, दुपारी ३.५२

बाईंना नमस्कार. फॉर्म?

रात्रपाळी | ११ जानेवारी, दुपारी ३.५५

कानडीत. कुंदा प्रेमींनी भरला.

निपाणी_भाई | १३ जानेवारी, संध्याकाळी ७.००

उद्या संक्रांत. आई गेल्याच्या वर्षी सांबरा रोड बहनकडं सण नसेल. कुणी तीळगूळ द्यायला नाही, नुसतं बसायला तरी जा रे कुणी वडगावात.

सांबरा_रोड | १९ जानेवारी, रात्री ९.३०

दहा दिवस लिहिलं नाही, सांगण्यासारखं झालं तेव्हा आले.

रविवारी वडगावला राहायला गेले. पहाटे साडेतीनला बाबा उठले, मागोमाग मी उठले. रहाटापाशी जाऊन शेजारी बसले. लाईट लावली नाही, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं असेल. सिस्टरनी सांगितलेलं वाक्य मी रिक्षात चारदा म्हणून बघितलं होतं, तरी अडखळलेच. "बाबा, जीव द्यायचा विचार येतो का हो?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे मला उत्तर मिळालं. त्यानंतर उजाडेपर्यंत बोलत होते. मी मध्ये काही बोलले नाही. आई शेवटच्या रात्री पाणी मागत होती, डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, यांनी दिलं नाही. चमचाभर दिलं असतं तर काय झालं असतं, हे पाच महिने चाललेलं. आम्हाला वाटत होतं आईची आठवण येतेय. ते त्या चमच्यापाशी थांबले होते. कधी, कसं हेही ठरवलं होतं, ते लिहीत नाही. त्यातलं जे घरात होतं ते दादानं त्याच दिवशी घराबाहेर नेलं. दादा परसात जाऊन रडला. त्याला मी लहानपणी कुस्तीत हात मोडला तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू आहेत, अजून फरक नाही, दोन-चार आठवडे मोजतोय. रात्री दादा त्यांच्या खोलीत झोपतो. "ती वाट बघूलाली असंल" अजून म्हणतात. काल वहिनी म्हणाली, "बघू देत की मामंजी, आम्ही आईंना इतकी वर्षं तुमची वाट बघतानाच बघितलंय, जेवायला कधी वेळेवर आलात?" मला धस्स झालं. बाबा हसले. हसले म्हणजे नाकातून थोडा आवाज आला.

मलप्रभाकाठ | १९ जानेवारी, रात्री ९.४५

वहिनीला माझ्याकडून साडी. शेवटच्या आजारात पाणी का देत नाहीत ते डॉक्टरांनी बाबांना एकदा समोर बसवून सांगावं, पुढच्या खेपेला आठवणीनं विचारा. तुमच्या तोंडून शंभरदा सांगून पटायचं नाही.

ऊसवाला_संकेश्वर | १९ जानेवारी, रात्री १०.१०

माग मोडीत घातला का?

सांबरा_रोड | १९ जानेवारी, रात्री १०.१४

नाही. मोडीवाला आला होता, दादानं परत पाठवला. चालवत नाहीत, पण परवा तेलाचा डबा काढून ठेवलेला दिसला.

एक गोष्ट विचारायचीच राहिली. बाबांनी काल नातवाकडं घड्याळ परत मागितलं, गोळ्यांच्या वेळा बघायला. पोरगं द्यायला तयार नाही, आणि त्यानं किल्ली जास्त पिळून ते बंद पाडलंय. बेळगावात चावीचं जुनं एचएमटी दुरुस्त करणारं अजून कुणी आहे का?

नाथपै_चौक | १९ जानेवारी, रात्री १०.२०

खडेबाजारात एक म्हातारे आहेत, डोळ्याला भिंग लावून बसतात. दुकानाला पाटी नाही. उद्या सकाळी अकराला मी बँकेत चाललोय, वाटेत वडगावला येतो. बाबांनाच बरोबर घेतो.

कुंदा_प्रेमी | १९ जानेवारी, रात्री १०.२३

बँकेत? ती ठेव अजून मिळाली नाही?